जपानच्या सादो बेटावर एकच दिवस आहे. सोन्याची खाण पाहू की नोह, म्हणजे मुखवटे घालून करायचं जुनं जपानी संगीत-नृत्यनाट्य?

जूनमध्ये जात असाल तर एक रात्र राहाच. खाण दिवसा उरकते. मशालींच्या उजेडातलं नोह मात्र संध्याकाळचंच. नोहचा थोर नाटककार झेआमी १४३४ मध्ये हद्दपार होऊन इथेच आला. बेटावर आजही तीसहून अधिक नोह रंगमंच आहेत, बहुतेक देवळांच्या आवारात. दाइझेन देवळाचा मंच चुकवू नका: गवताने शाकारलेलं छप्पर, मागच्या फळीवर नेहमीच्या पाइन झाडाबरोबर चक्क सूर्यही रंगवलेला.

खाणीला २०२४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आतले हलते पुतळे मला जरा बाळबोध वाटले. त्यापेक्षा बाहेरून दिसणारा दोयू डोंगर बघा; सोन्याच्या शिरेमागे खणत माणसांनी अख्खा माथा उभा चिरलाय! मुख्य बेटावरच्या निइगाताहून सादोच्या र्‍योत्सू बंदराला कार फेरी अडीच तास घेते.