‘काय करायलास?’

ऑगस्ट उजाडला की पालकांचे फोन सुरू होतात. “मॅडम, मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि मोबाइलमध्येच बुडाला. मित्र नाहीत म्हणतो. मोबाइल काढून घेऊ का?” या प्रश्नाचं माझं उत्तर एका मुलाच्या हकिगतीत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तो लातूर जिल्ह्यातल्या एका गावचा, पहिल्या वर्षाला. “वर्गातली पोरं रविवारी सिंहगडला गेली. मला स्टोरीवर कळलं,” एवढं बोलून तो गप्प झाला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत इन्स्टाग्राम बघायचा. मेसमध्ये कानात हेडफोन घालून जेवायचा.

पहिल्या भेटीत मीही त्याला आठवडाभर इन्स्टाग्राम बंद ठेवायला सांगितलं. पुढच्या वेळी म्हणाला, “आता भिंतीकडं बघत बसतो, मॅडम.” माझं चुकलं होतं. मग विचारलं, “मोबाइलवर तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?” त्यानं लाजत गावच्या मित्राचा व्हॉइस मेसेज लावला. “काय करायलास रे? जेवलास का?” तो ऐकताना हा पहिल्यांदा मोकळा हसला.

मग हळूहळू कळलं. पहिल्याच आठवड्यात वर्गात सरांनी काही विचारलं, तेव्हा हा म्हणाला होता, “नोट्स उतरवून घ्यायलो, सर.” मागून हसू फुटलं. तेव्हापासून त्यानं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. इतके दिवस आम्ही मोबाइलबद्दल बोलत होतो आणि दुखणं होतं बोलीचं. त्याची भाषा या शहरात फक्त त्या मोबाइलमध्ये जिवंत होती. तोच काढून घ्यायला मी निघाले होते!

“हसले किती जण?”

“तीन-चार.”

“वर्गात किती आहेत?”

“साठ.”

“मग उरलेल्या छप्पन जणांशी का बोलत नाहीस?”

बराच वेळ गेला. “तेही हसले तर?”

“हसले तर काय होईल?”

“वाईट वाटेल.”

“वाटेल. आणखी?”

तो छताकडे बघत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “आणखी... काही नाही.”

या ‘काही नाही’साठी मी कितीही वेळ थांबायला तयार असते. ‘मला कुणी हसताच कामा नये’ यातला तो ‘च’ माणसाला खोलीत कोंडतो. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त त्रास देतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती सांगते. तिच्यावरचा माझा विश्वास अशा क्षणी पक्का होतो. १९व्या वर्षी स्वतः एलिस मुलींशी बोलायला इतके घाबरायचे, की न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर जाऊन ते अनोळखी स्त्रियांशी बोलत राहिले. काही जणी उठून गेल्या, पण भीतीही गेली.

त्याला मी मेसच्या टेबलाकडे धाडलं. रात्रीच्या जेवणाला हेडफोन खोलीत ठेवायचे, मोबाइल खिशात, आणि समोरच्याशी एक तरी वाक्य बोलायचं, तेही आपल्या बोलीत. तीन दिवस काहीच घडलं नाही. चौथ्या दिवशी समोरचा मुलगा म्हणाला, “तू लातूरकडचा का रे? मी परभणीचा. तू सदा कानात घालून बसायलास, मला वाटलं तुला कुणाशी बोलायचंच नाही.”

म्हणून पालकांनो, मोबाइल हिसकावू नका. त्यावर कुणाचा आवाज ऐकतो, ते विचारा. ‘मित्र झाले का?’ हा प्रश्न मुलांना परीक्षेसारखा वाटतो. त्यापेक्षा ‘आज कुणाशेजारी बसून जेवलास?’ म्हणा. शेंगांची चटणी पाठवाल तेव्हा चौघांना पुरेल एवढी पाठवा. मात्र झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नको असं बोलणं आलं, तर वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं.

तो आता महिन्यातून एकदा येतो. मागच्या वेळी उशीर झाला, म्हणून मी दार लावायला उठले, तर जिन्यातून खणखणीत आवाज आला, “थांबा मॅडम, यायलो!”