समतोल: तराजूचा की गोदामाचा?

प्रश्न असा आहे: ‘समतोल म्हणजे काटा थांबलेला. मग रसायनशास्त्रात “गतिक समतोल” कसा? हा वदतोव्याघातच नाही का? आणि समतोल म्हणावं की संतुलन?’

शेवटचं आधी. दोन्ही शब्द एकाच घरचे, तुल् म्हणजे वजन करणे या धातूचे. वाटेल तो वापरा. रसायनात मला समतोल बरा वाटतो. ‘इक्विलिब्रियम’ या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही तराजूच आहे, तेव्हा दोष एकट्या मराठीला नको.

खरी अडचण त्या तराजूचीच आहे. तराजू म्हटला की पारडी सारखी आणि काटा निश्चल. रसायनात दोन्ही गृहीतं फसतात. ॲसेटिक आम्ल आणि एथिल अल्कोहोल यांचे रेणू सारख्या संख्येनं एकत्र आणले की एस्टर नावाचं संयुग आणि पाणी होऊ लागतं. साधारण दोन तृतीयांश आम्ल खर्ची पडलं की मिश्रण पुढे बदलेनासं होतं. उलट बाजूनं, एस्टर आणि पाण्यापासून सुरुवात केली तरी गाडी त्याच मुक्कामी येते! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तलो आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हे १८६२ मध्येच मोजलं होतं. एक तृतीयांश इकडे, दोन तृतीयांश तिकडे. याला ‘सम’ कोण म्हणेल?

सम आहेत ते वेग. जितकं एस्टर घडतं तितकंच त्याच क्षणी मोडतं. इथे तराजूपेक्षा आपली आवक-जावक कामाची. गोदामात पोती कालच्याइतकीच भरली, म्हणून हमाल दिवसभर बसून होते असं नाही.

समीकरणात पूर्वी दोन बाजूंच्या मध्ये ‘=’ लिहीत, म्हणजे तिथेही तराजूच. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८८४ मध्ये त्या जागी दोन उलटसुलट बाण घातले. मला ही दुरुस्ती कुठल्याही व्याख्येपेक्षा बोलकी वाटते.

राहिलं ‘गतिक’. काही जण ‘गतिमान समतोल’ लिहितात. मला तो खटकतो, कारण त्यातून समतोलच कुठेतरी निघाल्यासारखा वाटतो. तापमान किंवा दाब बदलल्यावर समतोल सरकतो खरा, पण ती वेगळी गोष्ट. इथे समतोल जागच्या जागी आहे, चळवळ त्याच्या पोटात आहे. म्हणून ‘गतिक’च ठेवावा.