तुमचे प्रश्न: ‘फार मनाला लावून घेतेस’

या वेळच्या पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला: हळवा. कुणी स्वतःला तसं म्हणवून घेतलंय, तर कुणाला घरचे म्हणतात. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. नावं गाळली आहेत.

मी लहानपणापासून हळवी. मामेबहिणीला स्थळ मीच सुचवलं होतं, आता ते लग्न मोडायला आलंय. गेले दोन महिने झोप नाही, जेवणात लक्ष नाही, घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्यात. सासूबाई म्हणतात, ‘एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, जरा घट्ट हो.’ हळवेपणामुळं हा आजार झाला का? आणि घट्ट व्हायचं तरी कसं? (वय ३४, राजारामपुरी)

घट्ट व्हायची गरज नाही. तसं ठरवून होताही येत नाही.

हळवेपणा आणि नैराश्य यांचा संबंध आहे, पण तो सरळ नाही. आपण ज्याला एका शब्दात हळवेपणा म्हणतो, त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांनी १९८०च्या दशकात सहवेदना मोजायची २८ वाक्यांची प्रश्नावली तयार केली, तिच्यात त्या वेगळ्याच मोजल्या जातात. एक म्हणजे दुसऱ्याबद्दलची काळजी. दुसरी म्हणजे दुसऱ्याचं दुःख पाहून स्वतःचीच होणारी कासाविशी. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला दुचाकी घसरून कुणी पडलं, तर एक जण पाणी घेऊन धावतो. दुसऱ्याच्या हातापायांतलं त्राण जातं आणि तो तोंड फिरवतो. हळवे दोघंही. पण नैराश्याशी जास्त नातं दिसतं ते कासाविशीचं. काळजीचं तेवढं नाही.

याला तिसरी गोष्ट मिळते, तेव्हा खरं बिनसतं. ती म्हणजे अपराधीपणा: ‘हे माझ्यामुळं झालं, मीच निस्तरायला हवं.’ इथं उलटाही प्रवाह असतो. अवाजवी अपराधीपणा हे नैराश्याच्या निदानातल्या नऊ लक्षणांपैकी एक लक्षणच आहे. म्हणजे स्थळाच्या ओझ्यानं तुम्ही आजारी पडलात हे जितकं शक्य, तितकंच आजारानं ते ओझं फुगवलं हेही शक्य. स्वतःला एक प्रश्न विचारा. बहिणीच्या घरातली कुरबुर तुमच्या कानावर पहिल्यांदा आली, तेव्हाही झोप उडाली होती का? तेव्हा वाईट वाटलं पण झोप लागत होती, असं असेल तर दोन महिन्यांत बदललं आहे ते तुमचं आजारपण. तुमचा स्वभाव तेव्हाही हाच होता.

‘डिप्रेशन फक्त चांगल्या मनाच्या माणसांना येतं’ असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. आम्हाला तो आवडत नाही. नैराश्य हेकट माणसालाही येतं, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्यालाही येतं. शिवाय आजाराला सद्गुणाचं बक्षीस ठरवलं की उपचार घेणं म्हणजे चांगुलपणा सोडणं, असं वाटायला लागतं. तीव्र संवेदनशीलता हा स्वभावाचा एक गुण म्हणून मानसशास्त्रज्ञ एलेन ॲरन यांनी १९९०च्या दशकात मांडला. तो रोग म्हणून कुठल्याही यादीत नाही. याची दुसरी बाजूही पाहा. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलींसाठी नैराश्य टाळायला शिकवणारा एक कार्यक्रम झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात फायदा जास्त संवेदनशील मुलींना झालेला दिसला, कमी संवेदनशील मुलींना जवळपास झालाच नाही. वाईट जसं खोल लागतं, तसं चांगलंही लागतं.

आता करायचं काय? समुपदेशनात ‘जबाबदारीचं वर्तुळ’ नावाची एक रीत आहे. तुम्ही त्याला भाकरी म्हणा. वहीत ताटाएवढं वर्तुळ काढा. लग्न बिनसायला ज्यांचा ज्यांचा हात लागला, त्यांची बाजूला यादी करा: नवरा, बहीण स्वतः, दोन्हीकडचे आईवडील, पत्रिका जमवणारे, नोकरी आणि पैशाची ओढाताण, बैठकीत कुणी न विचारलेले प्रश्न. मग एकेकाला भाकरीचा तुकडा तोडून द्या. तुमचा तुकडा सगळ्यांत शेवटी. चूक नेमकी इथंच होते. हळवी माणसं सुरुवात स्वतःपासून करतात, पाऊण भाकरी आपल्या ताटात ओढतात आणि उरलेली कोर बाकीच्यांना वाटतात. शेवटी हात घातला तर आपल्या वाट्याला बहुधा कोरच उरते. ती शून्य असावी असा हट्ट नको, कारण शून्यावर तुमचं मनच विश्वास ठेवणार नाही. त्या कोरेपुरतं काय करता येईल ते एका ओळीत लिहा: ‘आठवड्यातून एकदा फोन करीन, तिचं ऐकून घेईन, सल्ला देणार नाही.’

दुसरं काम मनातल्या रवंथाचं. तोच विचार चघळत राहणं म्हणजे विचार करणं नव्हे. विचाराच्या शेवटी काहीतरी ठरतं, रवंथाच्या शेवटी फक्त रात्रीचे दोन वाजतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास १५ मिनिटं राखून ठेवा. दिवसभर विचार आला की ‘सहाला’ एवढंच म्हणायचं आणि हातातलं काम पुढं चालू ठेवायचं. सहाला वही उघडायची आणि दोन रकाने करायचे, माझ्या हातातलं आणि हाताबाहेरचं. गजर झाला की वही बंद. हे अंथरुणात पडून करू नका, नाहीतर मेंदू अंथरुणालाच काळजीची जागा समजतो. पहिले आठ-दहा दिवस विचार सहाची वाट बघणार नाहीत. त्यात तुमचं काही चुकत नाही.

गोळ्या चालूच ठेवा. ही वही गोळ्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

माझी आई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहे. सगळं माझी बायको करते, एका शब्दानं तक्रार नाही. पूर्वी टीव्हीवर काही बघून रडायची, आता रडतही नाही. सारखी चिडते, पाठ दुखते, पित्त होतं. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल. मी जमेल तशी मदत करतो. (कागल)

दादा, तुमच्या पत्रातला ‘मदत’ हा शब्द आधी खोडा. आई तुमची आहे.

रडणारं माणूस रडायचं थांबलं की घरच्यांना हायसं वाटतं. पण तिला कशातच रस उरला नसेल, तर तेही नैराश्याचं मुख्य लक्षण आहे. आपल्याकडे बायकांचं नैराश्य पुष्कळदा पाठदुखी, पित्त आणि चिडचिड याच रूपात दवाखान्यात येतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणताना कुठले रिपोर्ट, ते विचारा. थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहिलं नसेल तर आधी ते करा, कारण तिन्ही बिघडली की थकवा आणि उदासी हुबेहूब अशीच दिसते.

शुश्रूषा करणाऱ्याचं ओझं मोजायला झॅरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, ८८ पैकी गुण असतात. समुपदेशकाकडे ती करून घेता येईल. पण काही गोष्टी कळायला प्रश्नावली लागत नाही. झोपून असलेल्या माणसाला अंथरुणाचे व्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ते रात्रीही करणाऱ्या बाईला दीड वर्षात सलग झोप किती रात्री मिळाली असेल, हे मोजून बघा.

कामं वाटताना ‘जमेल तसं’ चालत नाही. आठवड्यातल्या ठरलेल्या दोन रात्री पूर्ण तुमच्या: औषध, कूस, डायपर, सगळं. त्या रात्री बायको दुसऱ्या खोलीत किंवा माहेरी. रविवारचे चार तास नणंदेचे किंवा जाऊबाईंचे, नाहीतर पगारी मावशींचे. हे फसतं ते दोन कारणांनी. पहिलं, ती घरातच थांबते आणि दर दहा मिनिटांनी डोकावते. म्हणून त्या वेळात तिनं घराबाहेर असणंच बरं. दुसरं, तुम्ही तिला ‘पावडर कुठाय?’ असं विचारता. औषधांच्या वेळा आणि वस्तूंच्या जागा एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवा आणि तिला फोन करू नका. पहिल्या काही वेळा ती स्वस्थ बसणार नाही, अपराधी वाटून घेईल. तरी वाटणी मोडू नका.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे असंच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘तुला वेड लागलंय का बघायला’ नव्हे, ‘तुझी झोप आणि पाठ दोन्हीसाठी’ असं सांगून न्या. आणि सोबत स्वतः जा.

मी आशा सेविका आहे. घराघरांतलं ऐकते, आजार, कर्ज, नवऱ्याची दारू. पुराच्या वेळी छावणीतही काम केलं. आता कुणी बोलायला लागलं की आतून नको वाटतं, मग त्याचीच लाज वाटते. माझी माया आटली का? (शिरोळ तालुका)

नाही, ताई. तुम्ही दमला आहात, आणि दमणुकीचं कारण माया नाही. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी लोकांना दुःखी माणसांची चित्रणं दाखवून दोन प्रकारचं प्रशिक्षण दिलं. आधी समोरच्याचं दुःख स्वतः अनुभवायचं शिकवलं, तेव्हा मन खचत गेलं. मग त्याच लोकांना समोरच्याचं भलं चिंतायचं, म्हणजे करुणेचं, प्रशिक्षण दिलं. चित्रणं तशीच दुःखाची होती, तरी मन सावरलं. मेंदूतल्या हालचालीही दोन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी दिसल्या.

कामात हे असं आणा. ऐकताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आहेत का, हे लक्षात घ्या आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्या. ‘माझ्यावर असं आलं असतं तर’ या वाटेनं जाऊ नका. त्याऐवजी मनात एकच प्रश्न ठेवा: हिला आज कशाचा उपयोग होईल? उत्तर छोटं असू दे, एक फॉर्म, एक फोन, नुसतं पाणी. घराबाहेर पडलात की पुढच्या दारी जाण्याआधी पाच मिनिटं चाला. ती पाच मिनिटं वाचवावीशी वाटतात, आणि मग दिवसाच्या शेवटच्या घरात तुम्ही नुसत्या माना डोलावता.

पूर तुम्ही पाहिलाय, म्हणून हे तुम्हाला लगेच कळेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. शहाणा माणूस जनावरं ३९लाच हलवतो. तुमची इशाऱ्याची खूण शोधून लिहून ठेवा. पहाटे तीनला जाग येणं असेल, ओळखीचा नंबर बघून फोन पालथा ठेवणं असेल, किंवा आवडीच्या जेवणाला चव न लागणं. दोन खुणा आठवडाभर दिसल्या की आठवडी सुट्टी टाळायची नाही आणि जास्तीचं काम घ्यायचं नाही. मोजून बघायचं असेल तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २७. ५ ते ९ म्हणजे लक्ष ठेवा, १० किंवा वर म्हणजे डॉक्टरांना भेटा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथं शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज न करता त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

मला डॉक्टरांनी नैराश्यावरची एसएसआरआय प्रकारची गोळी लिहून दिलीय. तालमीतली पोरं म्हणतात, ‘गोळ्यांनी डोकं बधिर होतंय, मशीन होशील.’ मी चित्रं काढतो. ते जाईल का? (वय २२, मंगळवार पेठ)

पोरांचं सगळंच खोटं नाही. या गोळ्यांनी काही जणांना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, रडू येत नाही तसा आनंदही पुरता होत नाही. पुष्कळदा ते डोसवर अवलंबून असतं, आणि डोस कमी करून किंवा गोळी बदलून सुटतं. पण नैराश्य स्वतःही माणसाला बधिर करतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एका कागदावर लिही: शेवटचं चित्र कधी काढलं, हसू कधी आलं. सहा आठवड्यांनी पुन्हा लिही आणि दोन्ही कागद डॉक्टरांना दाखव.

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं होऊ शकतं. उपाशीपोटी त्रास होत असेल तर जेवणानंतर घे. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता कळायला सहा. बरेच जण दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात, म्हणजे त्रास सगळा भोगतात आणि फायदा यायच्या आत थांबतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात. एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात झिणझिण्या येऊ शकतात, त्यामुळं उतरवायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू. तुझं वय पंचविशीच्या आत आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा जिवाचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. आणि आधी कधी न झोपताही आठवडाभर अंगात वारं भरल्यासारखं वाटलं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांग, कारण मग औषधच वेगळं लागतं.

मित्र रात्री-अपरात्री ‘जगण्यात अर्थ नाही’ असे मेसेज टाकतो. सरळ विचारलं तर विचार डोक्यात घातल्यासारखं होईल का? मला स्वतःला झोप लागत नाही. (इचलकरंजी)

विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. उलट पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. आडून विचारू नका. ‘तसलं काही करणार नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘आत्महत्येचा विचार येतोय का?’ असं स्पष्ट विचारा. हो म्हणाला तर कसं आणि कधी ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, तेही विचारा. ठरलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, शेतातलं औषध असेल तर ते घरातून हलवा आणि त्याच रात्री दवाखान्यात न्या. ‘कुणाला सांगू नकोस’ ही शपथ पाळायची नाही. पोलीस केसची भीती घरच्यांना असते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, शिक्षेच्या भीतीनं उपचार लांबवू नका.

आज ठरलेलं काही नसेल, तर उद्याची भेट ठरवा आणि झोपा. रात्रभर जागून मेसेजला उत्तरं देणारा मित्र तिसऱ्या आठवड्यात फोन बंद करून टाकतो, हे नेहमी होतं. तुमच्याखेरीज आणखी दोन माणसं यात घ्या, त्याला सांगून. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. तो नंबर त्याला द्याच. त्याच्यासाठी काय करावं हे विचारायला तो तुम्हालाही लावता येतो.