स्नोमोबाईलला बॅटरी नसेल, तर ती बटण दाबून सुरू कशी होते?

तुमचा प्रश्न असा आहे: काही नव्या स्नोमोबाईलमध्ये (बर्फावर चालणाऱ्या गाड्यांमध्ये) स्टार्टची बॅटरीच नसते, सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू करायची दोरी हाताने ओढावी लागते, पण नंतर दिवसभर बटणावर इंजिन चालू होतं. मग बटणाला वीज येते कुठून?

वीज येते कपॅसिटरमधून, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागातून, आणि स्टार्टर मोटरचं काम इंजिनचा मॅग्नेटोच (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) करतो. स्की-डू या ब्रँडच्या स्नोमोबाईलच्या २०१८ च्या मॉडेलांत आलेली 'शॉट' ही अशीच यंत्रणा.

हा खटाटोप वजनासाठी आहे. नेहमीच्या सेल्फ-स्टार्टमध्ये लेड-ॲसिड बॅटरी, वेगळी स्टार्टर मोटर, फ्लायव्हीलवरची दात्यांची रिंग आणि जाड केबल असतात. कंपनीच्या म्हणण्यानुसार शॉटमुळे यातलं सुमारे ९ किलो वजन वाचतं. मऊ बर्फात चढ चढणाऱ्या गाडीला ९ किलो म्हणजे पुष्कळच. दुसरीकडे, चढावर गाडी रुतली आणि स्वार कमरेइतक्या बर्फात उभा असला, तर ८५० सीसी इंजिनची दोरी ओढायला पाय रोवणार कुठे? बटण हवं ते तिथे, आणि वजन नको तेही तिथेच.

मी लहान इंजिनांच्या विजेच्या बाजूचं काम करतो. या यंत्रणेत मला सगळ्यात आवडतो तो तिच्यामागचा हिशेब. समजा, इंजिन फिरवायला १ किलोवॅट ताकद १ सेकंद लागली. म्हणजे खर्च झाले १,००० जूल. १२ व्होल्ट, १८ अँपिअर-अवरच्या बॅटरीत पूर्ण चार्ज असताना साधारण ७,७८,००० जूल असतात. एका सेकंदाच्या कामासाठी केवढं ओझं वाहायचं! आता १६ व्होल्टपर्यंत भरलेला १०० फॅरडचा (फॅरड हे साठवणक्षमतेचं एकक) सुपरकपॅसिटर, म्हणजे खूप मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर, घ्या (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). त्यात १२,८०० जूल मावतात. व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत वापरला तरी त्यातले ९,६०० जूल हाती लागतात. आपल्या कामाला ते भरपूर झाले.

थंडीचा फायदा वेगळाच. बॅटरीत रासायनिक क्रिया घडावी लागते, आणि गारठ्यात ती मंदावते. उणे १८ अंशांना लेड-ॲसिड बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार नुसता पृष्ठभागावर साठलेला असतो, त्यामुळे उणे ४० अंशांपर्यंतही तो मोठा करंट एकदम देऊ शकतो. भरतोही काही सेकंदांत.

आता मॅग्नेटो. क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला चुंबकं लावलेलं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, असतं आणि त्याच्याजवळ तारांची वेटोळी. इंजिन फिरलं की वीज तयार होते. त्याच वेटोळ्यांना योग्य क्रमाने वीज दिली की चुंबकं ओढली जातात आणि क्रँकशाफ्ट फिरायला लागतो. बटण दाबल्यावर खर्रर्र आवाज न करता सुरू होणाऱ्या स्कूटरमध्येही हेच तत्त्व आहे. अडचण एकच: मधे गिअर नसल्याने टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवून मिळत नाही, म्हणून करंट जास्त लागतो. तो द्यायला कपॅसिटर समर्थ आहे.

शिवाय इंजिन फार वेळ फिरवत बसावं लागत नाही. या टू-स्ट्रोक इंजिनांत इंधन क्रँककेसमधून (क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतून) फिरून येत नाही, इंजेक्टर ते थेट सिलिंडरमध्ये सोडतो. त्यामुळे अगदी थोड्या फिरण्यातच पहिला स्फोट घडवता येतो. माझ्या मते हे थेट इंजेक्शन नसतं, तर एवढ्याशा साठ्यावर भिस्त ठेवणं अवघड गेलं असतं.

सकाळची दोरी का, तेही यातूनच कळतं. कपॅसिटरमधला चार्ज आपोआप झिरपत जातो, बॅटरीसारखा महिनोन्‌महिने टिकत नाही. दोरी ओढली की मॅग्नेटो फिरतो, त्याच विजेवर ईसीयू (इंजिनवर नियंत्रण ठेवणारा छोटा संगणक), इंजेक्टर आणि स्पार्क जागे होतात. इंजिन चालू झालं की कपॅसिटर पुन्हा भरतो.

लिथियम बॅटरी हा दुसरा हलका पर्याय. वजन खूप कमी होतं, पण कडक थंडीत तिचा अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे स्टार्ट देण्याआधी थोडा वेळ दिवे लावून ती जराशी गरम करून घेतात. शून्याखालच्या तापमानात ती चार्ज केली तर सेलचं कायमचं नुकसान होऊ शकतं, म्हणून थंडीपासून संरक्षण देणारं सर्किट तिच्यात आहे ना, हे पाहूनच घ्या.

तुम्ही गाडी मुख्यतः डोंगरात, खोल बर्फात चालवणार असाल, तर मी कपॅसिटरचीच यंत्रणा सुचवेन. इंजिन बंद ठेवून दिवे किंवा विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) चालवायचं असेल, तर मात्र बॅटरीला पर्याय नाही. आणि कपॅसिटरवाली घेतलीत, तर हंगामाआधी दोरी पूर्ण बाहेर ओढून बघा. मुठीजवळ ती विरलेली दिसली तर लगेच बदला, कारण कपॅसिटर रिकामा असताना इंजिन सुरू करायचा तेवढाच मार्ग उरतो.