कोकणात गच्चीवरच्या कुंड्यांसाठी कंपोस्ट कोणतं घ्यावं?

तुम्ही रत्नागिरीत गच्चीवर भाजी लावता, गेल्या पावसाळ्यात मिरची-वांगी मुळाशी कुजली, आणि दुकानात पॉटिंग मिक्स, कंपोस्ट, गांडूळ खत अशा पिशव्या बघून गोंधळ उडालाय. कुंडीत मुळं कुजतात ती बहुधा खत कमी पडल्याने नव्हे, हवा कोंडल्याने. त्यामुळे आपल्याकडे कंपोस्टाची ताकद दुय्यम. ते पुरतं कुजलंय का आणि जुलैच्या पावसात मोकळं राहील का, हे आधी बघायचं.

अर्धकच्चं खत कुंडीत गेल्यावरही कुजतच राहतं. त्यासाठी जिवाणू मातीतला नत्र आणि प्राणवायू वापरतात. पानं पिवळी पडतात, माती खाली बसते, घट्ट होते आणि त्यावर पाणी साचलं की मुळं गेलीच.

पिशवी उघडता आली तर आधी वास घ्या. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास हवा. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे कच्चं. आंबूस, गटारासारखा वास म्हणजे हवा न लागता कुजलेलं. हात आत खुपसल्यावर ऊब लागली तर कुजणं संपलेलं नाही. मूठभर घेऊन दाबा: गोळा व्हावा आणि बोटाने टोकल्यावर फुटावा. पाणी निथळलं तर तुम्ही किलोच्या भावाने पाणी विकत घेताय. लाकडाचा भुसा किंवा ओळखू येणारे काड्या-पाने दिसली तर ती पिशवी सोडून द्या.

पाच-सहा पोती घ्यायची असतील तर आधी एकच आणा आणि घरी तपासा. ओलसर मूठभर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर कच्चं. दुसरी परीक्षा मुगाची. एका वाटीत नुसती लाल माती, दुसरीत निम्मी माती-निम्मं खत, दोन्हींत दहा-दहा मूग. सहा दिवसांत खताच्या वाटीत रोपं कमी उगवली किंवा मुळांची टोकं तपकिरी झाली, तर खत कच्चं आहे किंवा त्यात क्षार जास्त आहेत.

पिशवीवरचा मजकूरही वाचा. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे गांडूळ खतात ओलावा 15 ते 25 टक्के, सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के आणि नत्र किमान 1 टक्का लागतो. नत्र 5 टक्के असं छापलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका. नुसत्या गांडूळ खतात एवढा नत्र नसतो. तयार पॉटिंग मिक्स मी शेवटचा पर्याय म्हणून घेईन. पुष्कळदा त्यात कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) आणि लाल मातीच जास्त असते, आणि त्या दोन्ही गोष्टी कोकणात स्वस्तात मिळतात.

कोकोपीट मात्र न धुता वापरू नका. नारळाच्या सोडणांत मुळातच पोटॅश आणि मीठ असतं. ती खाडीच्या पाण्यात भिजवलेली असली तर मीठ आणखी वाढतं. पाच किलोची वीट रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा, गोणपाटातून निथळा आणि निथळलेलं पाणी फिकट होईपर्यंत, म्हणजे साधारण तीनदा, धुवा. याच कारणाने पुळणीची वाळूही नको: मीठ तर असतंच, शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे मातीचा सामूही (pH) वाढतो.

गावातून शेणखत आणत असाल तर किमान सहा महिने कुजलेलं, चाळून आणि मे संपायच्या आत, बाकीच्या आगोटीबरोबरच, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीबरोबर. उघड्यावरच्या ढिगातलं सत्त्व पावसाच्या दोन-चार सरींत वाहून जातं. चाळताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या तर त्या मारा. शेणाच्या खड्ड्यातल्या अशा अळ्या पुष्कळदा गेंड्या भुंग्याच्या असतात, आणि तो भुंगा पुढे नारळाच्या कोंबात शिरतो. शेजाऱ्याच्या माडासाठी तरी एवढं कराच.

मिश्रण घमेल्याने मोजा. पावसाळ्यात दोन घमेली चाळलेली लाल माती, दीड घमेलं कंपोस्ट, एक घमेलं फुटक्या कौलांचा वाटाण्याएवढा चुरा आणि अर्धं घमेलं धुतलेलं कोकोपीट. चुरा नसेल तर जांभ्याची बारीक खडी चालेल. भातगिरणीतला तूसही हलका आणि फुकटासारखा, पण हळूहळू कुजतो. उन्हाळ्यात गच्ची तापते, तेव्हा चुरा अर्धा करा आणि कोकोपीट एक घमेलं.

आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. भाजीच्या बारा इंची कुंडीला दोन चमचे शेतीचा चुना पुरतो. अनंताच्या फुलझाडाला तो अजिबात देऊ नका. चुना आणि कच्चं शेणखत एकत्र आलं तर नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

कुंडी भरताना तळाशी दगडांचा थर घालायची पद्धत सोडा. बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या खड्यांत उतरत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी पालथी घातली की पुरे. भरून झाल्यावर दहा इंची कुंडी पूर्ण भिजवा आणि मग एक लिटर पाणी ओता. मिनिटभरात पाणी वरून दिसेनासं झालं नाही तर आणखी चुरा मिसळा.

जून ते ऑगस्ट वरखत देण्यात फारसा अर्थ नाही, ते वाहून जातं. गणपतीनंतर पाऊस ओसरला की दर पंधरा दिवसांनी कुंडीला दोन मुठी गांडूळ खत, खोडापासून चार बोटं लांब.