योम किप्पूर : 'सण' की 'दिन'?

योम किप्पूर हा ज्यू धर्मीयांचा कडक उपवासाचा दिवस असताना त्याला 'सण' म्हणणे चुकीचे नाही का, आणि त्याऐवजी 'योम किप्पूर दिन' लिहावे का, असा प्रश्न आला आहे. हिब्रू 'योम' म्हणजेच दिवस, त्यामुळे 'दिन' जोडणे ही निव्वळ द्विरुक्ती झाली. खरी चूक दरवर्षी वाचावी लागते, ती म्हणजे 'उत्साहात साजरा'. जवळपास पंचवीस तास ज्या दिवशी पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि चामड्याचे पायताण घालत नाहीत, तो दिवस पाळायचा असतो.

'सण' मात्र निर्दोष आहे. तो संस्कृत 'क्षण' या शब्दापासून आला. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या तिसऱ्या ग्रंथातील तेविसाव्या अध्यायात योम किप्पूर, म्हणजे ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची ही दहावी तिथी, ज्या दिवसांत गणली आहे, त्यांना हिब्रूत 'मोएद', म्हणजे नेमलेली वेळ, असे म्हटले आहे. मराठी आणि हिब्रू या एकमेकींना परक्या भाषा काळवाचक शब्दावरून सणावर पोहोचल्या, याचा मला फार आनंद वाटतो.

कोकणातल्या बेने इस्रायलांनी, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, तर रोश हशाना या ज्यू नववर्षदिनाला 'नव्याचा सण' आणि योम किप्पूरला 'दारफाळणीचा सण' म्हटले. यातल्या 'फाळणी'चा अर्थ 'विभागणी' लावणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही, कारण दाराचे वाटे कोण करतो? गळ-गाळणी, चळ-चाळणी या चालीवर फळी-फाळणी अशी जोडी मला दिसते : जुन्या दुकानाच्या दर्शनी फळ्या एकेक करून खाचेत सरकवतात, तसे दार लावून घेणे. इतरांचा संपर्क टाळण्यासाठी त्या दिवशी घराची दारे बंद ठेवीत, म्हणून हे नाव पडले, असे सर्वत्र सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. योम किप्पूरच्या अखेरच्या प्रार्थनेचे नावच 'नेइला', म्हणजे बंद करणे, असे आहे. सूर्य मावळताना स्वर्गाची दारे लागत आहेत, तेवढ्यात आमचे ऐका, अशी ती विनवणी असते. घराच्या दारामागे हे दुसरे दार उभे आहे, असे माझे ठाम मत आहे. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये बांधलेल्या बेने इस्रायलांच्या पहिल्या सिनेगॉगचे, म्हणजे प्रार्थनामंदिराचे, नाव 'शाअर हाराहामीम' आहे, आणि त्याचा अर्थ 'दयेचे द्वार' असा होतो.