कोल्हापुरात पंचगंगेसाठी मोहीम चालवतो, पण वस्तीतली मुलं टिकत नाहीत. त्यांना जागं कसं करायचं?

तुमचा प्रश्न असा, की कॉलेजची मुलं येतात, पण नाल्याकाठच्या वस्त्यांतली एकदा येऊन परत फिरकत नाहीत. शिवाय टी-शर्ट आणि प्रमाणपत्र दिलं तर फरक पडेल का, असंही तुम्ही विचारलंय.

मी अशाच मुलामुलींबरोबर काम करते. ती जागीच आहेत हो. गणपतीत वर्गणी, परवानगी, मांडव, लाईट, मिरवणूक हे सगळं हीच पोरं ओढतात. फुटबॉलचा सामना असला की शाहू स्टेडियमवर अख्खी गल्ली नेऊन बसवतात. त्यामुळे नेतृत्व विकास शिबिर वगैरे डोक्यातून काढा. ती येत नाहीत, कारण येणं त्यांना महाग पडतं.

सगळ्यात महाग पडते ती पोलीस केस. वस्तीतली बरीच पोरं भरतीसाठी पहाटे पळतात. पोलीस असो की सैन्य, निवड झाली की चारित्र्य पडताळणी आलीच. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात, आणि तो असताना विनापरवाना मोर्चा काढला की कलम १३५ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. प्राध्यापकाच्या मुलावर असा गुन्हा पडला, तर पुढं तो मित्रांत सांगायचा किस्सा होतो. वस्तीतल्या पोराची आई मात्र मला दारातच विचारते, "ताई, केस पडली तर भरतीचं काय?" तुमच्याकडं याचं उत्तर नसेल, तर त्याला रस्त्यावर बोलवू नका. परवानगीच्या अर्जावर तुमच्यातल्या थोरामोठ्यांच्या सह्या हव्यात, वकील आधीच ठरलेला हवा, आणि भरतीवाल्यांसाठी घोषणांपेक्षा वेगळं काम हवं.

मला स्वतःला त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज फार आवडतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तोही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. (येतंच असं नाही, मग पहिलं अपील.) जयंती नाल्याचं किती सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत जातं, हा प्रश्न नाल्याशेजारी राहणाऱ्या पोरानं स्वतःच्या सहीनं विचारला, की पुढच्या बैठकीला त्याला बोलवावं लागत नाही. उत्तराचा कागद घेऊन तो आपणच येतो.

वेळेचंही तसंच. शिरोलीच्या फौंड्रीत जाणाऱ्या पोराची सुट्टी सोमवारी असेल, तर तुमची रविवार सकाळची बैठक त्याच्यासाठी नाहीच. आणि दिवसभर थांबवणार असाल तर बुडालेला रोज द्या. यावर 'पैसे दिले की चळवळ राहत नाही' म्हणणारे भेटतील. त्यांचा स्वतःचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होत असतो. मुलींच्या बाबतीत आधी घरी जाऊन आईशी बोला, बैठक उजेडात आणि वस्तीजवळच ठेवा. एकटीला बोलवू नका, दोघी-तिघींना मिळून बोलवा.

आता विषयाबद्दल. तुम्हाला नदी निर्मळ हवी आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना त्याआधी रेशनकार्ड भिजू नये असं वाटतं. घर नावावर नाही म्हणून मदतीत नाव अडतं, त्याचं काहीतरी व्हावं असं वाटतं. आधी त्यांच्या या कामाला लागा. नाला का तुंबतो, त्यात कोण काय सोडतं, हे तुमच्यापेक्षा जास्त त्यांना ठाऊक असतं, आणि त्या वाटेनं ती नदीपर्यंत येतात. उलट्या वाटेनं आलेली मी तरी फारशी पाहिली नाहीत.

राहिला प्रश्न माईक कुणाच्या हातात, याचा. आपल्याकडं भाषणाची सुरुवात शाहू महाराजांच्या नावानं होते आणि पुढं दीड तास पाहुणेच बोलतात. मार्च १९२० मध्ये माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, तिला महाराज स्वतः गेले होते. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, वय २८. हाच तुमचा पुढारी, असं महाराजांनी तिथं जमलेल्या लोकांना सांगितलं. त्याआधी आंबेडकरांच्या 'मूकनायक' या पाक्षिकासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. म्हणजे पैसाही दिला आणि मानही. तुमच्या गटाच्या खर्चाचा थोडा भाग वस्तीतल्या पोरांच्या हाती देऊन बघा. हिशोब मागा, पण कशावर खर्च करायचा ते त्यांना ठरवू द्या. बॅनर धरायला ती आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायला तुम्ही, असं चाललं असेल तर ती का फिरकत नाहीत हे वेगळं सांगायला नको.

टी-शर्ट द्या, पोरांना आवडतात. प्रमाणपत्रावर मात्र 'सहभागाबद्दल' एवढंच लिहू नका. नाल्याचं सर्वेक्षण केलं, इतक्या घरांचे अर्ज भरले, असं नेमकं काम लिहा. नोकरीच्या मुलाखतीत दाखवता येईल असा तेवढाच कागद त्यांच्याकडं असतो.